डेंग्यू वाचवा

'डेंग्यू आपल्या जीवनात अत्यंत महत्त्वाचा आहे,' असं बंटीनं लिहिलं होतं. अक्षर सुबक, समास लाल पेनानं आखलेला. 'प्राचीन काळापासून भारतात डेंग्यूला आदराचे स्थान आहे. डेंग्यूशिवाय जीवनाची कल्पनाही करवत नाही. परंतु आजच्या धावपळीच्या युगात माणूस डेंग्यूला विसरत चालला आहे. ही अत्यंत खेदाची बाब आहे. आपण सर्वांनी डेंग्यूचे जतन केले पाहिजे. डेंग्यू वाचवा, देश वाचवा.'

मयुरानं पेन खाली ठेवलं. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केल्यापासून तिला एक सवय जडली होती. कुठलीही गोष्ट चूक ठरवायच्या आधी ती दोनदा तपासायची. तिनं निबंध पुन्हा वाचला. दुसऱ्या वेळीही डेंग्यूचं जतनच करायचं होतं.

तिनं गठ्ठ्यातला पुढचा कागद ओढला. विषय केसगळती. केसगळतीलाही भारतात प्राचीन काळापासून आदराचं स्थान होतं. त्याखाली उघडी गटारं होती, आणि माणूस आजच्या धावपळीच्या युगात उघड्या गटारांना विसरत चालला होता. हे मात्र नागपुरात जरीपटक्याच्या बाजारातून रोज सायकल काढणाऱ्या मयुराला निदान अर्धं तरी पटलं. मग मेट्रोचा खांब, मोबाईलचा रिचार्ज, शेजाऱ्यांचा कुत्रा, मौद्याच्या वीजकेंद्राची राख. एका पोरानं गुपचुपवर, म्हणजे पाणीपुरीवर, लिहिलं होतं. गुपचुपशिवाय जीवनाची कल्पना करवत नाही, या वाक्यापाशी तिनं बरोबरची खूण केली आणि मग खोडली.

विषय सगळे वेगळे होते. निबंध एकच होता.

या भानगडीला कारण झाला होता गेल्या वर्षीचा अपघात. गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी आठवी 'ब'च्या वह्या मागवल्या आणि 'मी पाहिलेला अपघात' हा निबंध काढला. एक म्हातारा सायकलस्वार, त्याला धडकलेला ट्रक, रस्त्यावर सांडलेलं दूध. प्रत्येक वहीत तोच म्हातारा, तोच ट्रक आणि तेवढंच दूध. म्हाताऱ्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारा मात्र प्रत्येक वहीत वेगळा. साहेबांनी शेरा मारला : 'एका जखमीस संपूर्ण वर्गाने स्वतंत्रपणे दवाखान्यात नेल्याचे आढळले. विषयांत वैविध्य आणावे.'

मुख्याध्यापिका कुसुमताईंना तो शेरा फार लागला. या वर्षी साहेब बदलले होते, पण शेऱ्याची बदली होत नाही. तेव्हा कुसुमताईंनी फर्मान काढलं की व्हरांड्याच्या भिंतीवर आठवी 'ब'चे निबंध लागतील, आणि एक विषय दोनदा दिसता कामा नये. मराठीचे रामाजी सर मतदारयाद्यांच्या कामावर गेलेले. म्हणून हे काम तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवणाऱ्या मयुराच्या गळ्यात पडलं.

"तू सायन्सची आहे न वं," कुसुमताई म्हणाल्या होत्या, "तुले मोजता येते. एकही विषय रिपीट नाही झाला पाह्यजे."

"करते मॅडम. पण मग प्रयोगशाळेची चाबी..."

"देतो न. इन्स्पेक्शन चांगलं होऊ दे, दुसऱ्या दिवशी चाबी तुझ्या हातात."

मयुराला या शाळेत दुसरं काहीही नको होतं. जूनपासून ती ती चाबी मागत होती. तिच्या पोरांना परीक्षानळीची आकृती डोळे मिटून काढता यायची, पण परीक्षानळी हातात धरलेलं एकही पोर वर्गात नव्हतं. लिटमस निळ्याचा तांबडा होतो हे त्यांना पाठ होतं, जसं पाढे पाठ असतात. लंबक तिनं दोरीला बाटलीचं झाकण बांधून शिकवला होता.

आणि प्रयोगशाळा शाळेत होती. चांगली मोठी, दोन दारांची, ओट्यांवर पांढऱ्या फरशा बसवलेली. फक्त तिच्यात कूलर राहत होते. कुसुमताईंच्या धरमपेठेतल्या फ्लॅटला गॅलरी नाही, म्हणून एका दिवाळीनंतर त्यांनी आपला डेझर्ट कूलर 'जरा दोन महिने' तिथं ठेवला. पुढल्या वर्षी पर्यवेक्षकांनी ठेवला. मग शिक्षकांनी ज्येष्ठतेनुसार ठेवले. उन्हाळ्यात कूलर घरी जायचे तेव्हा त्यांच्या जागी स्नेहसंमेलनातला प्लायवूडचा राजवाडा यायचा. हे काही गुपित नव्हतं. शाळेतलं शेंबडं पोरही ते जाणत होतं. कुलूप होतं ते कूलरच्या पंख्यांना कोणी हात लावू नये म्हणून.

तेव्हा डेंग्यूचं जतन करणं मयुराला परवडणारं नव्हतं. ती गठ्ठा घेऊन वर्गात गेली.

"बंटी, उभा राहा. डेंग्यू काहून वाचवायचा गा?"

बंटी उभा राहिला. सडपातळ, कान मोठे, चेहरा निष्पाप. "म्या नाही म्हणत मॅडम. निबंधात तसंच असते."

"कोणत्या निबंधात?"

"सगळ्याच. रामाजी सरांनी सहावीतच देला. मधी जागा सोडायची आन् विषय भरायचा."

"म्हणजे कसा?"

ही चूक होती. तिनं विचारायला नको होतं. अख्खा वर्ग एका सुरात सुरू झाला : "टिंब टिंब आपल्या जीवनात अत्यंत महत्त्वाचे आहे! प्राचीन काळापासून भारतात टिंब टिंबला आदराचे स्थान आहे!" शेजारच्या वर्गातली पोरंही भिंतीपलीकडून सामील झाली. शेवटचं 'देश वाचवा' तर मैदानातून, पीटीच्या तासावरून आलं.

मधल्या सुट्टीत तिनं रामाजी सरांना फोन लावला. पलीकडे कुत्रं भुंकत होतं आणि कोणी बाई सांगत होती की या नावाचं कोणी इथं राहत नाही.

"सर, तो साचा तुमचा आहे?"

"हाव. जमला न?" रामाजी सरांच्या आवाजात अभिमान होता. "एकही पोरगा मराठीत नापास नाही मयुरा. 'वृक्ष' आला, भरला. 'पाणी' आलं, भरलं. बोर्डाले काहीही इचारू द्या."

"आणि डेंग्यू आला तर?"

पलीकडचं कुत्रं भुंकायचं थांबलं. "बोर्ड डेंग्यू नाही इचारत," ते म्हणाले. "बोर्ड सभ्य आहे."

तपासणी सोमवारी होती. मयुरानं फळ्यावर 'महत्त्वाचे', 'प्राचीन काळ', 'धावपळीचे युग' आणि 'वाचवा' एवढे शब्द लिहिले आणि त्यांच्यावर मोठी फुली मारली. "हे शब्द बंद. विषय तोच ठेवा. पण स्वतः पाह्यलं तेवढंच लिहायचं. आणि प्रत्येक वाक्याले मी एकच प्रश्न इचारणार. तुले कसं माहीत?"

साचा काढून घेतल्यावर पोरं अशी बसली, जशी हजामत चालू असताना लाईट गेल्यावर माणसं बसतात.

"मॅडम, मंग लिहू काय?" गुंजन म्हणाली.

"तुझा विषय काय?"

"केसगळती."

"कोणाची पाह्यली?"

"पप्पाची."

"मग पप्पाची लिही."

दुसऱ्या दिवशी आलेले कागद मयुरा स्टाफरूममध्ये वाचत बसली आणि तिला चहा गार झाल्याचं कळलं नाही. गुंजनच्या पप्पांनी कांद्याचा रस, मेथीची पेस्ट आणि एका बाबाचं तेल असे तीन उपाय केले होते, आणि गुंजननं रोज सकाळी उशीवरचे केस मोजले होते. निष्कर्ष : 'कांद्याने केस थांबले नाहीत पण मम्मी दुसऱ्या खोलीत झोपू लागली.' मौद्याच्या राखेवाल्या पोरानं मामाच्या गच्चीवर पांढरी टोपी ठेवून ती कधी करडी होते ते पाहिलं होतं. शेजाऱ्यांचा कुत्रा फक्त दोन जणांवर भुंकत नाही, एक दूधवाला आणि एक, ज्याचं नाव लिहिल्यास शेजारी भांडतील, तो. बंटीचा डेंग्यू घरातून निघून शाळेच्या मागच्या टाकीत गेला होता. 'टाकीचे झाकण मोठ्या मॅडमच्या गाडीवर टाकले आहे, ऊन लागू नये म्हणून. त्यामुळे टाकीत अळ्या आहेत. मला कसे माहीत : मी बाटलीत भरून आणल्या आहेत.'

बाटली खरंच होती. कागदाला सुतळीनं बांधलेली.

शेवटचा कागद मोनालीचा. मोनाली ही वर्गातली अशी मुलगी, जी हात वर करायची तेव्हा मास्तर घड्याळ बघायचे. तिचा विषय पहिल्यापासून 'प्रयोगशाळा' हा होता. साच्यातल्या निबंधात तिनं लिहिलं होतं, 'आजच्या धावपळीच्या युगात माणूस प्रयोगशाळेला विसरत चालला आहे,' आणि गठ्ठ्यातलं तेवढं एक वाक्य मयुराला शंभर टक्के बरोबर वाटलं होतं. आता तिनं खिडकीवर चढून दिसलं ते लिहिलं होतं : कोणाचा कूलर कोणत्या ओट्यावर, कोणाच्या कूलरची गवताची ताटी काळी पडली आहे, कोणाच्या टाकीत उंदरानं संसार थाटला आहे. शेवटी लिहिलं होतं, 'परीक्षानळ्या दिसल्या नाहीत. शोध चालू आहे.'

मयुरानं ते सगळे निबंध भिंतीवर लावले. कुसुमताई राऊंडला आल्या, चष्मा लावून पहिल्या कागदापाशी थांबल्या, पुढच्यापाशी थांबल्या, आणि बंटीच्या बाटलीपाशी आल्यावर त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"हे काय होय वं?"

"निबंध, मॅडम. एकही विषय रिपीट नाही."

"विषयाचं ठेव बाजूले! हे काय लिहून राहिले पोट्टे? टाकीचं झाकण? उंदीर?" त्यांनी आवाज उतरवला. "मयुरा, पहिलेचे कुठं आहेत? ते बरे होते म्हणत होती न तू?"

"मी कुठं म्हटलं? त्याच्यात डेंग्यू वाचवायचा आहे मॅडम."

"मंग वाचू दे न! साहेब हेडिंग वाचतात. आजपर्यंत एक साहेब चौथ्या ओळीपर्यंत नाही गेला. गेल्या वर्षीच्यानं वह्या उघडल्या म्हणून घोळ झाला, भिंत कोनी नाही उघडत. ते लाव. आन् हे काढलं नाही तं चाबीचं नावच घेऊ नको."

मयुरानं निबंध काढले. हे तिनं मुकाट्यानं केलं असं नाही. प्रत्येक टाचणी काढताना ती काहीतरी पुटपुटत होती. पण काढले. जाताना कुसुमताईंनी तिच्या हातात तपासणीचं पत्रक दिलं, कारण रामाजी सर नसल्यामुळे सूत्रसंचालनही तिलाच करायचं होतं. साहेबांचं नाव, हुद्दा, वेळ बघण्यासाठी तिनं ते उघडलं.

'गुणवत्ता ही शैक्षणिक जीवनात अत्यंत महत्त्वाची आहे,' साहेबांनी लिहिलं होतं. 'प्राचीन काळापासून भारतात गुणवत्तेला आदराचे स्थान आहे. परंतु आजच्या धावपळीच्या युगात...'

मयुरानं पत्रक दोनदा वाचलं. मग ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, जसं माणूस नवीन उपकरणाकडे पाहतो : आत काय आहे ते ठाऊक नाही, पण एका बाजूनं काय घातलं की दुसऱ्या बाजूनं काय निघतं ते कळलंय.

सोमवारी साहेब आले. उंच, सावकाश बोलणारे, कपाळावर कायमची एक काळजी असलेले गृहस्थ. त्यांनी भिंतीवरून नजर फिरवली. "डेंग्यू. केसगळती. मेट्रोचा खांब. वा! मॅडम, याला म्हणतात वैविध्य." ते डेंग्यूसमोर क्षणभर रेंगाळले, मान डोलावली आणि पुढं गेले. कुसुमताईंनी मयुराकडे असं पाहिलं की, बघ, चौथी ओळ.

मग सभा. पोरं मैदानात ओळीनं बसलेली. साहेबांना नारळ आणि शाल. मयुरा माईकपाशी गेली. कागदावर लिहिलं होतं, 'साहेब दोन शब्द मार्गदर्शन करतील.' तिनं माईकवर टिचकी मारली.

"आता आदरणीय साहेब आपल्याला मार्गदर्शन करतील," ती म्हणाली, आणि तिचा स्वर जरासुद्धा हलला नाही. "विषय आहे, शाळेतील प्रयोगशाळा."

कुसुमताईंच्या हातातला बुके खाली आला. साहेबांच्या कपाळावरची काळजी मात्र कमी झाली. विषय मिळाला की माणसाला बरं वाटतं.

"विद्यार्थी मित्रहो," साहेब म्हणाले. "प्रयोगशाळा ही आपल्या जीवनात अत्यंत..."

"महत्त्वाची आहे!" आठवी 'ब' ओरडली.

साहेब चमकले. मग खूश झाले. "बरोबर! प्राचीन काळापासून भारतात..."

"प्रयोगशाळेला आदराचे स्थान आहे!" आता सातवी आणि नववीही आत आली होती.

साहेबांना असा श्रोता आयुष्यात मिळाला नव्हता. त्यांचा आवाज चढला, हात उठला. प्रयोगशाळेशिवाय जीवनाची कल्पना कोणालाच करवेना. धावपळीचं युग आलं तेव्हा पोरांनी स्वतःहून खेद व्यक्त केला. "म्हणून मित्रहो, आपण सर्वांनी प्रयोगशाळेचे जतन केले पाहिजे! प्रयोगशाळा वाचवा..."

"देश वाचवा!"

एवढ्या जोरात की कौलावरची कबुतरं उडाली. साहेबांचे डोळे पाणावले. "मॅडम," ते माईक न सोडताच कुसुमताईंकडे वळले, "विज्ञानाची एवढी तळमळ मी कुठल्याच शाळेत पाहिली नाही. मला तुमची प्रयोगशाळा बघायची आहे. आत्ता."

"चाबी... कवडूजवळ असते साहेब, आन् तो नेमका आज रजेवर..."

"मी आहो न मॅडम," मागून शिपाई कवडू म्हणाला. त्याच्या एका हातात चहाचा ट्रे होता आणि दुसऱ्यात जुडगा.

कुलूप निघालं. उन्हाचा पट्टा आत पडला. ओट्यांवर ओळीनं कूलर उभे होते, जुन्या चादरी पांघरून, आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. साहेबांनी सगळ्यात मोठ्यावरची वाचली : 'कुसुमताई. हात लावू नये.' त्यांच्या कपाळावरची काळजी परत आली.

"हे काय आहे?"

कुसुमताईंचा चेहरा गवताच्या ताटीसारखा झाला होता. मयुराला दिसत होतं की आता आपण गप्प राहिलो तर मॅडम बुडणार. मॅडम बुडाल्या तर साहेब शेरा मारणार, चौकशी लागणार, आणि चौकशीत पहिलं काय होतं? खोलीला सील. चाबी मग थेट झेडपीत. पण खोटं बोलायचं तिच्या अंगात नव्हतं. तिनं डोक्यात एक वाक्य जुळवलं, दोनदा तपासलं, आणि बोलली.

"सर, कूलर बाष्पीभवनावर चालतात."

एवढंच. हे वाक्य जगात कोणी खोडू शकलं नसतं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, कूलरांकडे पाहिलं. "अच्छा," ते हळूच म्हणाले. "अच्छा! म्हणजे हा बाष्पीभवनाचा प्रकल्प. वेगवेगळे कूलर, तुलना... पण ही नावं कसली?"

मयुराकडे खरं वाक्य शिल्लक नव्हतं. साहेबांच्या कोपराजवळून एक हात वर आला आणि सगळ्या शिक्षकांनी एकदम घड्याळ बघितलं.

"देणगीदारांची, सर," मोनाली म्हणाली. "आमच्या सर-मॅडमनी आपापल्या घरचे कूलर शाळेले देले. कायमचे."

"कायमचे?"

"हाव सर. मोठ्या मॅडमनं सगळ्यात पहिले."

साहेब कुसुमताईंकडे वळले. कुसुमताईंनी मान हलवली. ती होकारार्थी होती असं साहेबांनी धरलं. पर्यवेक्षकांनी भिंतीकडे तोंड केलं. कवडू चहा सांडेपर्यंत हसला.

साहेबांनी तिथंच ओट्यावर शेराबुक ठेवून लिहिलं : 'नागपूरच्या उन्हात शिक्षकांनी स्वतःचे कूलर विद्यार्थ्यांना अर्पण केले, हा त्याग प्राचीन काळातील गुरूंची आठवण करून देतो. प्रकल्प एप्रिलमध्ये पूर्ण भरात असताना पाहण्यास येईन.'

जीप गेल्यावर कुसुमताई व्हरांड्यात आल्या. मयुरा मोनालीला ओरडायचं की काय, ते ठरवत उभी होती.

"हे घे," कुसुमताईंनी चाबी तिच्या तळहातावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटली. "आता एप्रिलले प्रयोग दिसला पाह्यजे. आन् ह्या पोट्टीले म्या एक दिवस..." त्यांनी मोनालीकडे बोट नाचवलं. "कायमचे म्हणते! इचारायचं तरी होतं वं!"

मार्चमध्ये साहेबांची बदली झाली. पण शेरा शेराबुकात राहिला, आणि नवे साहेब कधीही येऊ शकत होते. त्यामुळे एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली, शहर तापलं, धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये पंखा गरम हवा फिरवत राहिला आणि कूलर प्रयोगशाळेतच राहिले. पोरं आलटून पालटून टाक्या भरत, प्रत्येक कूलरपुढं थर्मामीटर धरत. कवडूच्या जुडग्यानं एक कपाट उघडलं तेव्हा परीक्षानळ्याही सापडल्या, राजवाड्याच्या उरलेल्या पट्ट्यांमागं. मोनालीनं आपल्या निबंधाच्या शेवटी लिहिलं, 'शोध संपला.' आधी काढून ठेवलेले सगळे निबंध आता आतल्या भिंतीवर होते. टाकीला नवं झाकण आलं होतं, बाटली रिकामी होती.

रामाजी सर मतदार शोधून परतले. त्यांनी आपला कूलर चालू करून पाहिला. त्याचा पंखा त्यांनीच दिवाळीत काढून घरी नेला होता. "तुमचा तुलनेसाठी आहे सर," मयुरा म्हणाली. "एक तरी न चालणारा लागतो."

एका दुपारी, शाळा सुटल्यावर, दारात कुसुमताई उभ्या राहिल्या. हातात हजेरीचं रजिस्टर, पदरानं कपाळ टिपत.

"मयुरा, ऑफिसात बसवत नाही वं. इथं कोपऱ्यात जरा जागा आहे काय?"

मयुरानं स्टूल पुढं सरकवलं. कुसुमताई आपल्याच कूलरसमोर बसल्या, डोळे मिटले आणि पहिल्यांदा प्रयोगशाळेबद्दल काही चांगलं बोलल्या. ते वाक्य नव्हतं, नुसता उसासा होता.

बंटी थर्मामीटर घेऊन मागं उभा होता. त्यानं आकडा पाहिला, मोठ्या मॅडमच्या पाठीकडे पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला, आणि ओट्यावर कोपर टेकून निबंध पुढं लिहायला घेतला.

'मोठ्या मॅडम समोर बसल्या की मागे हवा येत नाही,' त्यानं लिहिलं. 'मला कसे माहीत : मी दोनदा तपासले.'